सिगरेट सोडून व्हेपवर आलो आणि घशाची वाट लागली, कुणाला अनुभव?

मन्या_मानपाडा

मंडळी, विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा. विषय असा की मी इंजिनिअरिंगपासून सिगरेट ओढायचो, दिवसाला पाकीटभर तरी, कंपनी महापेला, गेटबाहेर टपरी आणि टपरीवर अख्खं डिपार्टमेंट, त्यामुळे कमी करतो करतो म्हणत कधी कमी झाली नाही. शेवटी पोरगी कडेवर यायला नाक मुरडायला लागली तेव्हा बायकोने तंबीच दिली. मेव्हणा दुबईला असतो, तो येताना एक पॉडवालं (लिक्विडची छोटी कुपी लागणारं) व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, घेऊन आला, म्हणाला याने सुटते, माझी सुटली. त्यातलं लिक्विड संपल्यावर मी इथेच एका ओळखीतल्याकडून डिस्पोजेबल (संपलं की टाकून द्यायचं) घ्यायला लागलो, आधी मँगो, आता मिंट आइस, पाच टक्के निकोटिनवालं.

सिगरेट बऱ्यापैकी सुटली हे खरंय. ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागायची ती आता लागत नाही, शर्टाला वास नाही, जेवणाला चव आलीये. पण घसा! सकाळी उठलं की इतका कोरडा की थुंकी गिळवत नाही, दिवसभर घशात केस अडकल्यासारखं वाटतं आणि मी खाकरत बसतो, पहिल्या पफला ठसका ठरलेला, आणि कफ तर सिगरेटच्या वेळेपेक्षा जास्त पडतोय, तोही काळपट. वर तोंड आलंय ते वेगळंच. संध्याकाळच्या क्लायंट कॉलला आवाज फाटतो, परवा समोरच्या बाई म्हणाल्या तुम्ही आजारी आहात का, मग रिशेड्यूल करू.

इतकी वर्षं सिगरेट ओढली तेव्हा यातलं काही नव्हतं. आता ऑफिसातले म्हणतात बघ, यापेक्षा सिगरेट बरी, व्हेपने फुप्फुसात पाणी होतं. खरंय का हे? घशाचं हे आपोआप थांबतं का? जाणकारांनी सांगा. लेक्चर नको प्लीज, ते घरी मिळतं.

कटिंगवाला

घोडबंदर रोडला राहून, महापेला नोकरी करून घशाचं खापर व्हेपवर फोडणारा पहिलाच माणूस बघितला. आमच्या सोसायटीत मेट्रोच्या कामापासून कधीही न ओढणारे आजोबा पण खाकरतायत. हलकेच घ्या.

नेरूळकर

सेम टू सेम झालं होतं भाऊ. मी तेव्हा बरंच वाचून काढलं होतं त्यामुळे सांगतो. व्हेपच्या लिक्विडमध्ये मुख्य दोन गोष्टी, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, बाकी निकोटिन आणि फ्लेवर. यातलं ग्लायकॉल पाणी शोषून घेणारं आहे, ते जिथे बसतं तिथलं पाणी ओढतं, म्हणजे तोंड, घसा, नाकाच्या मागचा भाग. म्हणून कोरड पडते. काही लोकांना त्याची खरोखरच अ‍ॅलर्जी असते पण बहुतेकांना नुसती कोरड. जिथे हे कायदेशीर विकतात तिथे लिक्विडच्या बाटलीवर दोघांचं प्रमाण लिहिलेलं असतं, ज्यांना घशाला लागतं ते ग्लिसरीन जास्त असलेलं घेतात. ग्लिसरीनने धूर जास्त होतो आणि घशाला मऊ लागतं, पण ते घट्ट असल्याने छोट्या पॉडच्या कॉइलमध्ये (लिक्विड तापवणाऱ्या तारेत) नीट चढत नाही आणि मग जळका पफ येतो. डिस्पोजेबलमध्ये हा चॉइसच नाही, आत काय भरलंय ते देवाला आणि भरणाऱ्याला माहीत.

मी पाणी वाढवलं होतं, बाटली घेऊनच बसायचो, त्याने निम्मा त्रास गेला. निम्माच हं.

वकिली_बाणा

आरोग्याचं जाणकार सांगतील, मी कायद्याचं सांगतो कारण इथे लोकांना अजून वाटतं की व्हेप ‘जरा ग्रे एरिया’ आहे. अजिबात नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात सगळ्यावर बंदी, ऑनलाइनसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला वेगळं कलम, सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला थेट शिक्षा लिहिलेली नाही, पण मेव्हण्याने बॅगेतून आणलं ती आयातच, एक असो नाहीतर शंभर. तेव्हा धाग्यात मेव्हण्याचं कौतुक जरा कमी करा.

मन्या_मानपाडा

@वकिली_बाणा मेव्हण्यापर्यंत पोचवतो :) @नेरूळकर धन्यवाद, निम्म्या त्रासाचं पुढे काय झालं?

अवली

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धा_डबा

पॉपकॉर्नवरून आठवलं, व्हेपने पॉपकॉर्न लंग होतो म्हणतात ना? व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आला होता, एका मुलाचं फुप्फुस दाखवलेलं. मन्या, सांभाळून रे बाबा.

जळका पफ ज्याला म्हणतायत त्याचा मात्र मला अनुभव आहे. आत एक कापसाची वात असते, ती लिक्विडने भिजलेली असते तोवर ठीक, पण लागोपाठ ओढत राहिलं की ती सुकते आणि कॉइल कोरड्या कापसाला चटका देते. तो एक पफ घशात गेला की डोळ्यातून पाणी, पुढचे दोन दिवस घसा सोललेला. डिस्पोजेबल संपत आलं की हे हमखास होतं, आणि पैसे दिलेत म्हणून माणूस शेवटचा थेंब सोडत नाही.

थेम्सकाठी

मूळचा नौपाड्याचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इकडे डॉक्टर स्वतः सांगतात की सिगरेट सुटत नसेल तर व्हेपवर जा, काही ठिकाणी स्टार्टर किट फुकट देतात. त्यामुळे ‘सिगरेट बरी होती’ म्हणणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्यांना माझ्याकडून साष्टांग नमस्कार. सिगरेटमध्ये तंबाखू जळतो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून येतं, व्हेपमध्ये काही जळत नाही. पूल चढताना धाप कमी झाली ती उगाच नाही.

घशाचं पण खोटं नाहीये. २०१९ मध्ये इकडे एक मोठी चाचणी झाली, पीटर हायेक आणि मंडळींची, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ८८६ लोक, अर्ध्यांना व्हेप, अर्ध्यांना निकोटिनची गम, पॅच वगैरे, सोबत समुपदेशन. वर्षभराने व्हेपवाल्यांतले १८ टक्के सिगरेटपासून सुटले होते, दुसऱ्या गटातले ९.९. आणि घसा-तोंड चुरचुरण्याची तक्रार व्हेपवाल्यांत ६५.३ टक्के लोकांनी केली, गमवाल्यांत ५१.२. म्हणजे मन्या, तू बहुमतात आहेस. त्याच चाचणीत खोकला आणि कफ मात्र वर्षभरात व्हेपवाल्यांचा जास्त कमी झाला. तेव्हा धीर धर.

कान_नाक_घसा

घशाचा डॉक्टर आहे, ठाण्यातच. इथे सहसा नुसता वाचतो, पण असे घसे आजकाल ओपीडीत बरेच येतात म्हणून लिहितो. इंटरनेटवर कुणाचा घसा दिसत नाही, हे गृहीत धरून वाचा.

पहिलं म्हणजे मन्या यांच्या तक्रारी एका खात्यातल्या नाहीत. कफ वाढणं आणि तो काळपट असणं हे बहुधा सिगरेट कमी झाल्याचं लक्षण आहे, व्हेपचं नाही. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक लव असते, ती झाडूसारखी कफ वर वर ढकलत घशापर्यंत आणते. सिगरेटच्या धुराने ती लुळी पडते. धूर थांबला की ती पुन्हा कामाला लागते आणि साचलेलं बाहेर काढायला लागते, म्हणून सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढतो. शिवाय वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची खोकल्याची संवेदनाच बोथट झालेली असते, ती परत येते. ‘ओढायचो तेव्हा काही होत नव्हतं’ हे वाक्य मी रोज ऐकतो. होत होतं, कळत नव्हतं. तोंड येणं हेही सिगरेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि जातं.

कोरड, ठसका, खवखव हे व्हेपचं. ग्लायकॉलचं नेरूळकर यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात निकोटिनची भर घाला. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. युरोपात आणि इंग्लंडात कायद्याने मर्यादा २० ची आहे, थेम्सकाठी यांनी सांगितलेल्या चाचणीत जी बाटली दिली ती १८ ची होती. इतकं कडक निकोटिन पूर्वी घशाखाली उतरलंच नसतं, कारण साधं निकोटिन अल्कलीसारखं असतं आणि घसा जाळतं. आता त्यात बेन्झॉइक अ‍ॅसिड घालून त्याचा क्षार करतात, त्याने ते मऊ होतं. वरून मिंट आइस. थंडावा देणारं रसायन जळजळ जाणवू देत नाही, त्यामुळे माणूस आणखी खोल ओढतो. सिगरेट निदान संपते तरी, विझवून माणूस कामाला लागतो. हे खिशात असतं, लिफ्टमध्ये एक, सिग्नलला एक, कॉल म्यूट करून एक. घशाला सुट्टीच नाही.

आवाज फाटण्याचं कारण तिसरंच असू शकतं. निकोटिनने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, जठरातलं आम्ल वर घशापर्यंत येतं, स्वरयंत्राच्या मागच्या भागाला सूज येते. छातीत जळजळ होईलच असं नाही. सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, संध्याकाळी आवाज बसणं ही त्याची लक्षणं, आणि खाकरण्याने ती सूज आणखी वाढते.

आता दोन प्रश्न. चहाबरोबर सिगरेट अजून चालू आहे का? आणि आवाज असा होऊन किती दिवस झाले? तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल आणि माणूस ओढणारा असेल तर स्वरयंत्र दुर्बिणीतून बघायलाच लागतं, त्यावर चर्चा नाही. तसंच दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची टीबीसाठी तपासणी, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. कफात रक्त, वजन उतरणं, रात्री ताप, गिळताना दुखणं, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत न भरणं यातलं काही असेल तर धागा बंद करून आधी डॉक्टरकडे जा.

अर्धा_डबा

डॉक्टर, पॉपकॉर्न लंगचं राहिलं.

कान_नाक_घसा

अमेरिकेत मिसुरीमधल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना २००० च्या सुमारास बारीक श्वासनलिका आकसण्याचा आजार झाला, लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिल नावाच्या रसायनामुळे, त्यावरून ते नाव. काही व्हेप लिक्विडमध्ये ते सापडलंय, इंग्लंड आणि युरोपात त्यावर बंदी आहे. सिगरेटच्या धुरात ते कितीतरी जास्त असतं. व्हेप ओढणाऱ्यांमध्ये या आजाराची लाट वगैरे आलेली नाही.

‘फुप्फुसात पाणी’ ही बहुधा अमेरिकेतल्या २०१९ च्या प्रकाराची ऐकीव आवृत्ती आहे. तिथे फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक फुप्फुसाला इजा होऊन दाखल झाले किंवा मेले, मृत्यू ६८. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली, अनधिकृत ठिकाणाहून घेतलेली काडतुसं ओढली होती आणि त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. साध्या निकोटिनच्या लिक्विडचा तो दोष नव्हता. पण ‘अनधिकृत ठिकाणाहून घेतलेली’ हे शब्द मन्या यांनी पुन्हा वाचावेत. आपल्याकडे अधिकृत ठिकाणच नाही.

थेम्सकाठी

डॉक्टर, नेमका हाच माझा मुद्दा. बंदी घालून साधलं काय? सिगरेट प्रत्येक नाक्यावर, आणि त्यातल्या त्यात कमी नुकसानीची वस्तू काळ्या बाजारात, कुणी तपासायला नाही.

कान_नाक_घसा

२०१९ ला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पूर्ण बंदीची शिफारस केली ती मुख्यतः कधीच न ओढणाऱ्या पोरांकडे बघून. तुमच्याकडेही १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल बंद केलीत ना? काहीतरी पोळलं असेलच. शिवाय त्याच चाचणीतला पुढचा आकडा तुम्ही गाळलात. व्हेपने सिगरेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेरीस व्हेप ओढतच होते. गम-पॅचवाल्या गटात त्या वस्तू चालू असलेले ९ टक्के.

थेम्सकाठी

तो आकडा गाळला हे कबूल, पण व्हेप चालू राहणं आणि सिगरेट चालू राहणं यात फरक आहे हे तुम्हीही कबूल करा.

कान_नाक_घसा

कबूल. तुमच्याकडच्या बाटलीसाठी. इथल्या डबड्यासाठी नाही.

कटिंगवाला

संपादक, धाग्याचं काश्मीर होण्याआधी मन्याला बोलू द्या. अवांतर: सुट्टी सिगरेट विकायला पण महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. आत्ताच टपरीवर एक घेऊन आलो.

सौ_घणसोली

मी ओढत नाही, पण घरात ओढणारा आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे यजमानांनी हाच प्रयोग केला. वास येत नाही म्हणून जी सिगरेट बाल्कनीत होती ती व्हेपच्या रूपाने बेडरूममध्ये आली. आंब्याचा वास, बाकी काही नाही असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलाला दमा आहे, पंप चालू आहे, त्याची रात्रीची ढास वाढली. मी त्यांना म्हटलं, वास चांगला आहे म्हणून हवा चांगली होत नाही. बाल्कनीत पाठवल्यापासून मुलाची ढास कमी आहे, योगायोग असेल तर असो, मला तो चालेल.

आणि कॉलेजची पोरं? उपवनच्या कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन बघा, हातात पेनड्राइव्ह असावा असं वाटतं. यातल्या निम्म्यांनी आयुष्यात सिगरेट ओढली नसेल. त्यांना कोण कशातून सोडवतंय?

मन्या_मानपाडा

वहिनी, घरात नाही ओढत मी, गच्चीत जातो. आता जाईनच.

डॉक्टरसाहेब, उत्तरं देतो. चहाबरोबर एखाद-दुसरी होते, हो. पार्टीत जास्त. म्हणून वर ‘बऱ्यापैकी सुटली’ असं लिहिलंय. आवाजाचं महिना तरी झाला असेल, दिवस मोजले नाहीत. रक्त, ताप वगैरे काही नाही. वजन वाढलंय उलट.

आणि मी आता त्या डबड्याचा खोका नीट बघितला तुम्ही लिहिल्यावर. पत्ता नाही, बॅच नंबर नाही, कधी बनवलं ते नाही. पुदिन्याचं चित्र आहे, पफचा आकडा आहे आणि निकोटिन पाच टक्के. आतल्या द्रवाचं नाव कुठेच नाही. आमच्या बिल्डिंगखाली मिळणाऱ्या पाणीपुरीच्या मसाल्यावर याहून जास्त माहिती असते.

कान_नाक_घसा

एखाद-दुसरी हीच गोम आहे. घशाला धूरही लागतोय आणि वाफही. आणि हृदयाचा हिशेब कफासारखा सरळ नसतो. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्शाएवढा नसतो, जवळपास निम्मा असतो. म्हणजे वीसवरून एकवर आलात तर फुप्फुसाला बराच फायदा, हृदयाला अर्धवट.

महिन्याचा आवाज आहे. या आठवड्यात दाखवा. माझ्याकडेच या असं नाही, कळव्याला महापालिकेच्या रुग्णालयात ईएनटी ओपीडी आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं आहे. दुर्बिणीला पाच मिनिटं लागतात.

निवृत्त_बेलापूर

माझा अनुभव थोडा वेगळा, कदाचित कुणाच्या कामी येईल. सिडकोच्या जुन्या कॉलनीत राहतो, विडी-सिगरेट दोन्ही झालं आयुष्यात. मुलाने व्हेप आणून दिलं, त्यावर गेलो. घसा कोरडा पडायचा त्यावर खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची काडी चघळायचो, बरं वाटायचं. पण मला छातीत धडधड, हात थरथर आणि रात्रभर झोप नाही असं सुरू झालं. सगळ्यांनी व्हेपलाच दोष दिला. मी दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या घेत होतो, आणि कॉफी भरपूर. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की सिगरेट कधी सोडलीत. डोस कमी केला, कॉफी एकावर आणली, थांबलं.

कान_नाक_घसा

काका, फार महत्त्वाचं लिहिलंत. सिगरेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत एक विशिष्ट एन्झाइम जास्त बनवतं, आणि ते एन्झाइम थिओफायलिन आणि कॅफीन भराभर संपवतं. सिगरेट थांबली की ते मंदावतं आणि तोच डोस, तेवढीच कॉफी अंगावर येते. हे धुराचं काम आहे, निकोटिनचं नाही, म्हणून व्हेपवर गेलं तरी होतं, गमवर गेलं तरी होतं. थिओफायलिन किंवा क्लोझापीनसारखी मानसिक आजाराची काही औषधं चालू असणाऱ्यांनी सिगरेट सोडताना आपल्या डॉक्टरला कळवायलाच हवं.

खडीसाखर, ज्येष्ठमध चालेल, लाळ सुटते म्हणून बरं वाटतं. ज्येष्ठमध रोज फार नको, बीपी वाढतं.

डावा_हात

गमबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. मी व्हेपवरून गमवर आलो आणि मग गमवरूनही सुटलो. निकोटिनची २ मिलिग्रॅमची गम केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची चिठ्ठीवर. बहुतेक लोक ती च्युइंगमसारखी चावतात आणि म्हणतात घसा जळतो, उचक्या लागतात, भंगार आहे. अरे ती चावायची नसतेच सारखी. हळूहळू चार-पाच वेळा चावायची, जिभेला मिरीसारखी झिणझिण आली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. झिणझिण गेली की परत चावायची, दुसऱ्या गालात ठेवायची. अर्धा तास अशी एक. निकोटिन गालातून जातं, लाळेबरोबर गिळलं तर पोटात जाऊन नुसती मळमळ. माझ्या खिशात तेव्हा पुडी आणि लिफ्टमध्ये जाताना गालात एक, सहकाऱ्यांना वाटायचं याने गुटखा धरला.

तंबाखू क्विटलाइन पण आहे सरकारची, १८००-११२-३५६, फुकट, मराठीत पण बोलतात. मुंबईत टाटा मेमोरियलकडून चालते. मला जरा शंकाच होती, पण समोरच्या बाईंनी न ओरडता विचारलं की दिवसातली कुठली सिगरेट सगळ्यात अवघड आहे. असं घरात कुणी विचारलं नव्हतं.

नेरूळकर

+१ गमला. मन्याने विचारलं होतं माझ्या उरलेल्या निम्म्या त्रासाचं काय झालं, तो व्हेप बंद केल्यावरच गेला. पाण्याने, ग्लिसरीनने, फ्लेवर बदलून सगळं करून बघितलं. दालचिनीचा फ्लेवर तर कुणी घेऊच नका, त्यातलं रसायन त्या लवेलाच मारतं असं वाचलंय.

कान_नाक_घसा

बरोबर वाचलंय. प्रयोगशाळेत पेशींवर तसं दिसलंय.

मन्या_मानपाडा

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं.

दाखवून आलो. नाकात आधी कडू स्प्रे मारला, तो घशात उतरून सगळं बधिर, मग जाडसर वायरसारखी दुर्बीण नाकातून घशात. दुखलं नाही पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. स्क्रीन माझ्या समोरच होती, डॉक्टर म्हणाले ‘ई’ म्हणा, आणि त्या दोन पांढऱ्या पट्ट्या मिटताना दिसल्या. माझ्या पांढऱ्या नव्हत्या, गुलाबीसर आणि कडेला सुजलेल्या, मागचा भाग लालभडक. गाठ वगैरे नाही. बायको बाजूलाच होती, तिने पहिल्यांदा श्वास सोडला असेल. कोरडेपणा आणि आम्ल दोन्ही म्हणाले. आम्लाची गोळी सकाळी उपाशीपोटी, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, खाकरायचं नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट. एक्स-रे ठीक. थुंकीची तपासणी पण केली, टीबी नाही. फुंकायची टेस्ट केली पीएफटी, ती थोडी कमी आली, सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

मी विचारलं व्हेप कमी करून चालेल का. म्हणाले मला आत काय आहे ते सांगा मग मी सांगतो किती चालेल. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर सध्या २ ची गम. डबडं ड्रॉवरमध्ये आहे, टाकलेलं नाही, खरं तेच लिहितो. टपरीवर जाणं अवघड आहे कारण चहा तिथेच. कफ कमी झालाय, तोंड बरं झालं, आवाज संध्याकाळी अजून जरा जडच. सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या व्हेरेनिक्लिनच्या गोळीबद्दल पण बोलले, गमने नाही जमलं तर.

अवली

पॉपकॉर्न संपले. अभिनंदन मन्याशेठ.

कटिंगवाला

टपरीचा चहा ऑफिसात मागव की. आमच्याकडे पोऱ्या वर आणून देतो.

मन्या_मानपाडा

तेच करतोय आता. @डावा_हात एक प्रश्न, गम गालात असताना चहा प्यायला तर काही लागतच नाही, झिणझिण पण येत नाही. गम बनावट आहे का?

डावा_हात

बनावट नाही, चहाने तोंडातलं वातावरण आम्लाकडे जातं आणि निकोटिन गालातून शोषलं जात नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला काहीही असो, आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत बंद. चहा पी, चूळ भर, थांब, मग धर.

मन्या_मानपाडा

म्हणजे चहाची वेळ पूर्ण कोरडी काढायची.

डावा_हात

किंवा चहाच्या आधी एक संपवायची. मी तसंच करायचो, साडेतीनला धरायची, चारचा चहा निभावून जायचा.